कोकमाचा तिसरा ग्लास

“खाला, शर्यत चालू असताना शू लागली तर तू काय करतेस?”

विचारलं! एकदाचं विचारलं. आणि तेही हळू आवाजात नाही. इंजिन बंद केल्यावर गॅरेजमध्ये एकदम शांतता पसरते ना, नेमकी त्या शांततेत. सगळ्यांनी माना वळवल्या. माझ्या मागे माझ्या मैत्रिणी, गार्गी आणि जिक्रा, एकमेकींच्या खांद्यात तोंडं खुपसून हसत होत्या. पैज त्यांचीच. “हल्ली फार धीट झालीस म्हणे, असेंब्लीत काय बोलतेस, डिबेट काय जिंकतेस. मग विचार की तुझ्या रेसर खालाला!” पूर्वीची हनिया बाथरूमला जायचं निमित्त काढून पसार झाली असती. पूर्वीची हनिया मला हल्ली नीट आठवतसुद्धा नाही.

रिफत खाला म्हणजे अम्मीची मावसबहीण. दोह्यात तिचं जुन्या गाड्यांचं गॅरेज आहे. जुन्या म्हणजे अब्बांच्याही जन्माआधीच्या. तिची स्वतःची गाडी हिरवी, बिनछपराची आणि इतकी बुटकी की तिच्या शेजारी उभं राहिलं की आपणच उंच झाल्यासारखं वाटतं. अशा गाड्यांची चार तासांची शर्यत त्या शुक्रवारी लुसैलच्या ट्रॅकवर होती, आणि खालामुळे आम्हाला थेट गॅरेजात उभं राहायचे पास मिळाले होते.

खाला सरावाची फेरी मारून नुकतीच उतरत होती. तिने हेल्मेट काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि चक्क विचार करून उत्तर दिलं.

“लागू देत नाही, बाय. सकाळपासून घोट घोट पाणी, बस्स. काही जण बसल्या जागीच मोकळे होतात, सीट नंतर धुता येते. पण मी पडले रत्नागिरीची. मला नाही जमायचं.”

गार्गी हसायची थांबली. “खरंच? सीटवरच?”

एका प्रश्नाला कोणी ओरडलं नाही म्हटल्यावर मला थांबवणार कोण? दोन ड्रायव्हर कशाला? कारण एकाला सलग दोन तासांहून जास्त चालवता येत नाही. आधी खाला, मग तिचा मुलगा अम्मार, मध्ये एकदाच थांबायचं. आणि एकदाच का? इथे खालाचा चेहरा बदलला.

“थांबलं की इंजिन बंद करावं लागतं, असा नियम आहे. आणि ही बया तापलेली असताना बंद केली की परत चालू होईलच असं नाही. गेल्या वर्षी इथेच रुसून बसली. ढकलून चालू करायला परवानगी नाही. खलास.”

“पण का रुसते?”

“पेट्रोलची नळी इंजिनाला चिकटून जाते. गाडी पळत असते तोवर वारा लागतो. थांबली की पेट्रोल नळीतच उकळायला लागतं. वाफ झाली की पंप ते खेचणार कसं?”

पेट्रोल उकळतं! उत्कलनबिंदू मी परीक्षेसाठी तीनदा पाठ केला होता, पण तो असा एखाद्या नळीत बसून कोणाची शर्यत बुडवत असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

“मग नळी गार का नाही करत?”

“करतो ना, ओलं फडकं टाकतो. भागत नाही तेवढ्याने.” मग ती जरा हळू म्हणाली, “मला नंबर नको गो, हनिया. मला फक्त एकदा हिला शेवटचा झेंडा दाखवायचाय. सगळे म्हणतात, बाईमाणसाच्या हातची गाडी अर्ध्यावरच राहायची.”

तेवढ्यात अब्बा आणि अम्मी आले. अब्बांच्या हातात बर्फाची भलीमोठी पेटी, अम्मीच्या हातात जेवायला पसरायचं दस्तरखान आणि ग्लास. आमच्या घरचं कोणी कुठेही निघालं तरी अर्धं स्वयंपाकघर सोबत निघतं.

“सकाळपासून घोट घोट पाणी?” अम्मीने ते नेमकं ऐकलं. “वेडी की काय? उन्हात चक्कर येऊन पडशील. घे, कोकम. मीठ-जिरं घातलंय.”

“आपा, नको, आता थोड्या वेळात...”

“मोठ्या बहिणीला नको म्हणतेस?”

आता हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्यात मोठ्या बहिणीच्या हातचा ग्लास परत करणं म्हणजे दोन ईदा अबोला. खाला ताशी दोनशेने गाडी चालवते, पण त्या ग्लासपुढे तिचं काही चालेना. एक प्यायली. अब्बांनी दुसरा भरला. “हिच्या हातचा घेतलास, माझ्या हातचा नाही?” दुसरा प्यायली. तिसरा अम्मीने सरळ तिच्या ओठांना लावला. “हा तुझ्या सलामतीचा. सलामतीचा ग्लास कोणी ठेवत नाही.”

मी आणि जिक्राने एकमेकींकडे पाहिलं. आम्हाला दोघींना गणित जमतं.

शर्यत सुरू झाली तेव्हा आवाजाने छाती आतून थरथरत होती. हिरवी गाडी समोरून जायची तेव्हा जळक्या तेलाचा वास यायचा आणि मी प्रत्येक वेळी ओरडायचे, “यल्ला, खाला! पळव!” तासभर सगळं छान चाललं. मग खालाने समोरून जाताना हात वर करून जोरजोरात हलवला.

“काय झालं? टायर?” अब्बा घाबरले.

“ब्रेक?” अम्मीने दुवा पुटपुटायला सुरुवात केली.

गार्गी माझ्या कानाशी म्हणाली, “कोकम.”

पुढच्याच फेरीला गाडी आत आली. खालाने इंजिन बंद केलं, उडी मारून उतरली आणि हेल्मेटसकट पळत सुटली. अम्मार बिचारा केळं खात होता. ते अर्धं तसंच माझ्या हातात कोंबून तो सीटमध्ये शिरला. चेतनदादा, खालाचा सांगलीचा मेकॅनिक, त्याने बॉनेट उचलून ओलं फडकं टाकलं. अम्मारने किल्ली फिरवली. घर्रर्र. काही नाही. पुन्हा. काही नाही. चौथ्या वेळी ती खोकली, शिंकली आणि निघाली.

खाला परत आली ती पडलेल्या चेहऱ्याने. अम्मारने दोन तास चालवले तरी शेवटचा बराच वेळ उरणार होता. म्हणजे अजून एकदा थांबायचं. अजून एकदा किल्ली.

“आपा,” ती म्हणाली, “तुझं कोकम फार छान झालं होतं.”

अम्मीने हातातला ग्लास हळूच पेटीमागे सरकवला.

अम्मार आत आला तेव्हा ऊन उतरलं होतं, पण गाडी पार भट्टी झाली होती. खाला बसली. किल्ली. घर्रर्र. चेतनदादाने फडकं टाकलं तर त्यातूनच वाफ निघाली. दुसरं टाकलं. घर्रर्र, आणि आता तो आवाजही थकत चालला होता.

“बॅटरी उतरेल, ताई, थांबा जरा,” चेतनदादा म्हणाला.

खालाने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

दोरीपलीकडे जायला आम्हाला मनाई होती. मी दोरीला पोट लावून उभी होते आणि डोक्यात एकच प्रश्न फिरत होता: ओल्या फडक्याने भागत नाही, मग त्याहून गार काय?

“बर्फ!” मी ओरडले. “अम्मी, पेटी! बर्फ आहे ना अजून?”

“आहे, पण त्यात बाटल्या...”

“बाटल्या बाहेर काढ!”

अम्मीने बाटल्या काढल्या नाहीत, अक्षरशः फेकल्या. पसरायला आणलेलं दस्तरखान तिनेच उघडलं. मी आणि जिक्राने ओंजळीओंजळीने बर्फ त्यात भरला, अब्बांनी गाठ मारली आणि गाठोडं दोरीवरून चेतनदादाकडे गेलं. त्याने ते पंपावर आणि नळीवर दाबून धरलं. घळघळ पाणी खाली गळायला लागलं. समोरून बाकीच्या गाड्या एकेक करून जात होत्या. खालाला घाई नव्हती असं नाही, पण ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

“आता?” अम्मारने विचारलं.

“अजून नाही,” मी म्हणाले. मला विचारलं नव्हतं खरं तर.

चेतनदादाने नळीला बोट लावलं, मान डोलावली आणि गाठोडं उचललं. खालाने किल्ली फिरवली.

घर्र, घर्र, आणि मग तो आवाज! अब्बांनी मला उचललंच. अब्बांनी मी पाचवीत गेल्यानंतर मला कधी उचललं नव्हतं.

शेवटचा झेंडा पडला तेव्हा हिरवी गाडी शेवटून दुसरी होती. पण ती धावत होती. खाला आत आली, उतरली नाही, तशीच सीटमध्ये बसून हसत आणि रडत होती. अम्मीने पुढे होऊन तिचं कपाळ चुंबलं आणि सवयीने ग्लास शोधायला लागली.

“आपा!” खाला म्हणाली.

अल सद्दला घरी परतताना गाडीत कोकमाचा वास भरून राहिला होता. मागच्या सीटवर मी, मांडीवर ते काळं झालेलं दस्तरखान. अम्मी पुढून म्हणाली, “उद्या शनिवार. बायोलॉजीच्या ट्यूशनचा पहिला दिवस. डॉक्टर व्हायचंय ना, लवकर झोप हो.”

आठवडाभर मी त्या ट्यूशनला हूं म्हणत आले होते.

“अम्मी, अब्बा,” मी म्हणाले, “उद्या मी ट्यूशनला जाणार नाही. मला डॉक्टर नाही व्हायचंय. दर शनिवारी मी रिफत खालाच्या गॅरेजात जाणार, इंजिन शिकायला. खालाला विचारलंय, ती हो म्हणालीय. पण तुम्हाला मी विचारत नाहीये, सांगतेय.”