हवेची नळी आणि आईचा पाय

गाडी फाटकातून बाहेर निघताना बंद पडायची आणि खापर फुटायचं ते आईच्या डाव्या पायावर.

"आई, तुझ्या पायात आता पहिल्यासारखा जोर नाही गं. क्लच एकदम सुटतो तुझा," मुलगा म्हणायचा. तेही इतक्या हळुवारपणे, की बिचारीला रागवायचीही सोय नाही. गाडीतच काहीतरी बिघडलंय, असं ती म्हणाली की हा हसायचा. "नाचता येईना अंगण वाकडं, असं नको करूस."

कुणाला म्हणत होता हे? हा पोटात असताना याच पायानं क्लच दाबत तिनं भर गर्दीतून गाडी काढली होती. पण तेच तेच रोज कानांवर पडलं की माणसाला खरं वाटायला लागतं. तिलाही वाटू लागलं. सकाळी पलंगाच्या कडेला बसून ती डाव्या पायानं उशी दाबून बघायची, हळूहळू सोडायची. सुनेची चाहूल लागली की पाय चादरीखाली घ्यायची. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच पायाची चोरी!

या पायावर तिची दुपार उभी होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली होती. रोज दुपारी दोघी पत्ते कुटायच्या, एकमेकींवर लबाडीचे आळ घ्यायच्या, भांडायच्या आणि चहा प्यायच्या. तिचं गाडी चालवणं थांबलं तशी ती भांडणंही थांबली. आता मुलाला सवड झाली की तो तिला आपल्या स्कूटरवरून सोडायचा आणि दारातच किल्ली वाजवत उभा राहायचा. त्या खुळखुळाटात कसले पत्ते आणि कसलं भांडण.

मग मुलानं गाडीला गिऱ्हाईक आणलं. "रविवारी येतील बघायला. कशाला उगाच जीव धोक्यात घालायचा?" पण गिऱ्हाइकाच्या गळ्यात सदोष वस्तू बांधणं आईच्या स्वभावात नव्हतं. मुलगा दुकानात गेल्यावर तिनं मिस्त्रीला घरी बोलावलं. पाय तर पाय, गाडी तरी धड आहे ना, एवढंच तिला बघायचं होतं.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं. आवाज चढत होता, पडत होता, दम लागल्यासारखा. त्यानं हवेच्या फिल्टरच्या डब्यापासून इंजिनकडे जाणारी जाड, वळ्यावळ्यांची रबरी नळी हातानं जराशी वाकवली. इंजिन गप्पकन बंद.

"मावशी, सापडलं! नळी खालच्या बाजूनं चिरलीय. गाडी जागची निघताना इंजिन हलतं, चीर उघडते, नको तिथून हवा घुसते. मी बसलो असतो तरी बंदच पडली असती."

"म्हणजे माझा पाय...?"

"पायाचा काय संबंध?" मिस्त्रीनं नळी पिळून तिची खालची बाजू वर केली आणि त्याला हसू फुटलं. "आणि हा कुठला मेकॅनिक म्हणायचा? चिरेवर रॅकेटची ग्रिप गुंडाळलीय! हिला तर घामासाठी भोकं असतात. भोक बुजवायला भोकांची पट्टी!"

आई हसली नाही. निळी, मऊ, बारीक भोकांची ती पट्टी तिनं ओळखली होती. तिच्या मुलाचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. अशा पट्ट्या तो दिवसभर रॅकेटच्या मुठींना गुंडाळत असे.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्याच्याही हातात गाडी बंद पडली होती, त्यानं बॉनेट उघडलं होतं, चीर पाहिली होती. आणि मग हात पुसून घरात येऊन म्हणाला होता, तुझ्या पायात जोर नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मिस्त्रीनं नवी नळी आणली. दोन्ही टोकांच्या क्लिपा सैल करून जुनी ओढली, तर ती हातातच फाटली. नवी बसवून, स्क्रू आवळून त्यानं गाडी एक चक्कर फिरवून आणली. कुठे हिसका नाही की आचका नाही.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा फाटकी नळी जेवणाच्या टेबलावर होती, पट्टीसकट. त्याचा चेहरा उतरला.

"आई, तुझ्या मैत्रिणीला गाडी चालवताना अपघात झाल्यापासून मला झोप नाही. तू गाडी घेऊन गेलीस की परत येईपर्यंत जिवात जीव नसतो माझ्या. भीती वाटते मला."

"मग तसं म्हणायचं होतंस! मी भांडले असते तुझ्याशी. कदाचित ऐकलंही असतं तुझं. भीती तुझी, आणि दोष माझ्या पायाला?"

"तू ऐकलं नसतंस."

"नसतं ऐकलं तर नसतं! मी रोज सकाळी उशा दाबत बसले रे, वेड्यासारखी. माझा पाय माझा उरला नाही, असं वाटायला लागलं मला." तिचा आवाज चिरकला, आणि तो चिरकला याचाही तिला राग आला. "परक्यानं केलं असतं तर त्याला चार लोकांत उभं केलं असतं. तुझं काय करू? आपलेच दात, आपलेच ओठ!"

तिनं किल्ली उचलली. बहिणीकडे अंधार पडायच्या आत पोचता येणार होतं. तो "मी सोडतो" म्हणाला नाही. नुसता मागोमाग अंगणात येऊन उभा राहिला.

इंजिन एका सुरात चालत होतं. फाटकाशी आल्यावर तिला आरशात मुलगा दिसला, डावा पाय क्लचवर थरथरला आणि एकदम सुटला. गाडी हिसका देऊन बंद पडली.

या वेळी चूक पायाचीच होती, आणि ती पायाला कुणी शिकवली हे दोघांनाही कळलं. मुलानं मान खाली घातली. आईनं दात-ओठ खाल्ले, पुन्हा क्लच दाबला, पुन्हा किल्ली फिरवली आणि गाडी रस्त्याला लावली.