भाला फेकणाऱ्याच्या घरात

ख्रिस्ती मंडळीच्या गायकवृंदाचा पुढारी एक सुतार होता. त्या रविवारी त्याचा घसा बसला, म्हणून उपासनेत गीत त्याच्या बायकोने म्हटलं. बाहेर पडताना लोकांनी तिला घेरलं. "एवढी वर्षं हा आवाज कुठे दडवून ठेवला होतात?" एका म्हातारबांनी विचारलं. सगळे हसले. सुतारही हसला.

घरी येताच त्याने दाराला कडी घातली.

"फारच गोडवे गायले लोकांनी."

"तुम्हीच म्हणायला सांगितलंत ना?" ताटं मांडता मांडता ती म्हणाली.

पहिली थप्पड कानशिलावर बसली. दुसरीसरशी ती ताटांवर कोसळली. त्याने केसांना धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं, गळा आवळला आणि "गा आता, गा," म्हणत राहिला. हे घरात नवं नव्हतं. अशा वेळी सासूबाई आतल्या खोलीत जाऊन प्रार्थना करत. पोरगा तापट आहे, पण मनाचा वाईट नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

त्या दिवशी मात्र त्याने हत्यारांच्या पेटीतली पटाशी उचलून फेकली. ती बायकोच्या कानाजवळून जाऊन चौकटीत रुतली. "बाबा, नको ना," म्हणत शाळकरी मुलगी मध्ये आली. त्याने पटाशी उपसून पुन्हा भिरकावली. या खेपेला ती पोरीच्या दंडात घुसली.

किंकाळी ऐकून सासूबाई बाहेर धावल्या. फरशीवर रक्ताचं थारोळं होतं. सुतार मटकन खाली बसून हुंदके देत होता.

दवाखान्यात पोरीला टाके पडले. संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब घरी आले.

"पोलिसांत जाऊ नका, मंडळीची अब्रू जाईल," ते सुनेला म्हणाले. "दावीद राजाचं चरित्र आठवा. आधीचा राजा शौल त्याच्या जिवावर उठला होता. पुढे तोच शौल गुहेत आयता हाती सापडला, तरी दावीदाने त्याच्यावर हात टाकला नाही. ख्रिस्ती माणसाने असंच सोसावं."

सून मान खाली घालून बसली होती. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. बोलल्या त्या सासूबाई.

"पाळकसाहेब, रविवारच्या शब्बाथशाळेत मुलांना ही गोष्ट मी जन्मभर शिकवली. दावीदाने सूड घेतला नाही, खरंय. पण शौलाने भाला फेकल्यावर तो समोर बसूनही राहिला नाही. बायकोने त्याला खिडकीतून खाली उतरवलं आणि तो पळाला. पुढे शौलाने पोटच्या पोरावरही भाला फेकला. ते का नाही सांगत तुम्ही?"

"अहो, तुमचा मुलगा आहे तो."

"म्हणून काय त्याच्या हातून खून व्हायची वाट बघू?"

"आई, चुकलो गं मी," सुतार रडत म्हणाला.

"शौलही रडला होता, बाळा. आणि पुन्हा सैन्य घेऊन दावीदाच्या मागावर निघाला."

त्यांनी कडी काढली. सुनेचा हात धरला, नातीला जवळ घेतलं. जिना उतरताना त्या हळूच म्हणाल्या, "मी आत बसून देवाला हाका मारत राहिले, पोरी. दार उघडायचं काम माझं होतं."

पोलीस चौकीत अंमलदाराने विचारलं, "मारहाण कुणी पाहिली?"

"मी. आतल्या खोलीतून ऐकली, आजची आणि आधीचीही; आज रक्त डोळ्यांनी पाहिलं."

"तो तुमचा कोण?"

म्हातारीने नातीचा पट्टी बांधलेला दंड सावरून धरला.

"मुलगा," ती म्हणाली. "एकुलता एक आहे. घ्या लिहून."