कुत्र्याच्या रंगाची गाडी

आमच्या पॅरिसात त्या काळी गाडीचं इंजिन आणि चाकं कारखान्यातून येत. वरची बॉडी मात्र आम्ही गिऱ्हाइकाच्या मापाने बांधायचो. एका उमरावाने तर उंच टोपी न काढता बसता यावं म्हणून छत वर उचलायला लावलं होतं. पण मादाम व्होक्ले यांनी कहर केला. त्यांना बूलोन्यच्या बागेतल्या स्पर्धेत उतरायचं होतं. तिथे नुसती गाडी कोण बघतो? गाडी, बाई, बाईंचा झगा आणि कुत्रा, सगळं एकमेकांना शोभायला हवं.

“आन्सेल्म, गाडी आमच्या प्लूमच्या रंगाची हवी,” म्हणत त्यांनी कुत्र्याच्या केसांचा पुंजका माझ्या हातात ठेवला.

आमचे मालक गोबेर कानाशी कुजबुजले, “रंग चुकला तर ब्रश घेऊन घरी जायचं.”

मी जीव ओतला. थर दिले, घासले, पुन्हा दिले. गाडी अगदी दुधाच्या कॉफीसारखी झाली. झगाही त्याच रंगाचा शिवला गेला.

स्पर्धेच्या दिवशी प्लूम बागेत आला तो पांढराशुभ्र.

“मोलकरणीने आंघोळ घातली,” बाई म्हणाल्या. “तळघरात बटाट्यांच्या मातीत झोपायचा ना तो. मलाही आजच कळलं.”

मालक माझ्याकडे वळले. “रंग चुकला, आन्सेल्म.”

“रंग नाही चुकला, मालक. कुत्रं चुकलंय.”

“कुत्र्याला कामावरून काढता येत नाही.”

हेही खरंच होतं. मी प्लूमला काखोटीला मारून समोरच्या कॅफेत शिरलो आणि बादलीभर गार कॉफी मागितली.

“दूध घालू?” वेटरने विचारलं.

मी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. “घाल. थांब म्हणेपर्यंत घालत राहा.”

रंग असा जुळला की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. पण त्या शहाण्याने सवयीने साखरही घातली होती. परीक्षक येईपर्यंत प्लूमने स्वतःला चाटून चाटून एक अख्खी बाजू पांढरी केली.

“कुत्रा दुरंगी, गाडी एकरंगी,” परीक्षक म्हणाले. “मेळ नाही.”

बक्षीस गेलं. मालक तोंड उघडणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं. गोबेर, गाडी दुरंगी करा. आन्सेल्मच करेल. प्लूमला तोच रंगवतो ना.”

नोकरी वाचली. नव्या रंगाचा नमुना घ्यायला बाईंच्या घरी गेलो, तर प्लूम तळघरातून शेपटी हलवत वर आला. मी आधी साबण मागितला.