भस्ममुनींचा तिसरा नियम

'राखेचं राज्य' या ऑनलाइन गेममध्ये नव्याने आलेल्या माणसाला मी पहिला सल्ला देतो तो असा, की एकदा मरून घ्या. भीती जाते. दुसरा, गावातल्या कोंबड्यांना हात लावू नका. त्या दिसतात कोंबड्या, पण त्यांच्यामागे कोण उभं आहे याची तुम्हाला कल्पना नाही. आणि तिसरा, टोळीत जो नुसता जांभया देत उभा राहतो त्याला हाकला. नात्याचा असला तरी हाकला. माया करणाऱ्यांची टोळी पहिल्याच भुयारात संपते.

हा तिसरा नियम मी जेवता जेवता एका हाताने टाइप केला होता. 'नात्याचा असला तरी' हे शब्द वाक्याला जरा वजन यावं म्हणून घातले. एवढं सांगून ठेवतो.

गेममध्ये माझं नाव भस्ममुनी. गुडघ्यापर्यंत दाढी, हातात काठी, काठीच्या टोकाला कवटी. तिथे लोक मला अहो-जाहो करतात. गेमच्या बाहेर मी आत्याच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करतो आणि तिथे मला लोळ्या म्हणतात. बाबांचा हुकूम असा, की मी कमावतोय तोवर घरात इंटरनेट. नोकरी गेली की मुनींनी समाधी घ्यायची.

मध्यंतरी 'मालकीण' नावाची एक नवी खेळाडू माझ्याकडे शिकायला आली. तिला मी भुयाराच्या तोंडाशी नेलं, तर तिने अंगावरचं चिलखत उतरवलं, नीट पेटीत ठेवलं आणि साध्या सदऱ्यावर आत शिरली. उंदरांनी तिला मारलं. राक्षसांपर्यंत ती पोचलीच नाही.

"चिलखत का काढलंत?" मी चॅटवर विचारलं.

"नवं आहे. आत चिखल होता."

"चिलखत त्यासाठीच असतं."

"कपडा कशासाठी असतो ते मला शिकवू नका. आणि तुमच्या झग्यावर रक्ताचे डाग आहेत. गार पाण्यात भिजवा. गरम पाणी घातलंत की जन्माचे बसले."

माझा घास हातातच राहिला. रक्ताला गार, तेलाला गरम, आणि डोकं नसेल त्याला काहीच नाही, हे मी रोज सकाळी लाँड्रीत ऐकतो. ऐकवणारी एकच बाई आहे.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, मान्य. पण जन्मल्यापासून आत्याने मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आता ती मला रोज 'मुनी, तुम्ही म्हणाल तसं' म्हणत होती. मी तिला सरपण गोळा करायला लावलं. त्या गेममध्ये सरपणाचा कशालाही उपयोग होत नाही.

असं सगळं मजेत चाललं असताना आत्याने नवं यंत्र घ्यायचं ठरवलं. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने इस्त्री होऊन घडी बाहेर. इस्त्रीच्या टेबलांवर आम्ही दोघं. मी आणि लांबडा. लांबडा वेळेच्या आधी कामावर येतो. त्याच्यात मला माहीत असलेला हा एकच दोष.

"यंत्रावर एकच माणूस पुरे," आत्या शनिवारी म्हणाली. "कोण जाणार ते सोमवारी सांगते."

"मी जाणार," लांबडा वाफेतून म्हणाला. "मी काही भाचा नाही."

"उगाच निराश होऊ नकोस," मी म्हटलं आणि जांभई दिली.

त्या संध्याकाळी मालकीण शेकोटीपाशी माझी वाट बघत बसली होती. बाजूला सरपणाचा ढीग.

"मुनी, एक विचारू? गेमबाहेरचं आहे."

"विचारा, मालकीणबाई."

"दोन माणसं आहेत. एकाला काढायचंय. एक कामाला चोख. दुसरा माझा भाचा."

"भाच्याला ठेवा," मी टाइप केलं. अंगावर अजगर आला तेव्हाही माझी बोटं इतकी पळाली नव्हती.

"कारण?"

"रक्ताचं नातं."

"तुमचा तिसरा नियम काय सांगतो?"

"नियम भुयारापुरते असतात."

"माझी लाँड्री काय बाग आहे? दिवसभर जांभया देतो. परवा उभ्या उभ्या झोपला आणि हॉटेलच्या चादरीवर इस्त्रीचा ठसा उमटवला. नक्षी आहे म्हणून खपवली मी."

"रात्री जागत असेल. एखाद्या अडाणी माणसाला काहीतरी शिकवत असेल."

"तो? त्याला अजून चादरीची उभी-आडवी बाजू कळत नाही."

मी धीर करून विचारलं, "काहीच गुण नाही त्याच्यात?"

ती टाइप करू लागली. थांबली. परत करू लागली. आयुष्यात कुठल्याही निकालाची मी इतकी वाट बघितलेली नाही.

"गिऱ्हाइकांना हसवतो," ती म्हणाली.

"बघा."

"हसता हसता ती चादरी न्यायला विसरतात. कपाट भरलंय. नाही मुनी, तुमचंच खरं. माया करणाऱ्यांची टोळी पहिल्याच भुयारात संपते. मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलंय मी. भाच्याला काढते."

मी कवटीची काठी खाली ठेवली.

"आता एक विनंती," ती पुढे म्हणाली. "काउंटरवर मी बसते तर गिऱ्हाइकं पळतात. तिथे शांत माणूस हवाय. मला उंदरांनी इतक्यांदा मारलं, तुम्ही प्रत्येक वेळी ओढून बाहेर काढलंत, एकदाही आवाज चढवला नाहीत. तुम्ही याल का माझ्याकडे कामाला?"

माझी नोकरी जाऊन मला नोकरी लागली होती, आणि ताटातलं अजून गार झालं नव्हतं. "येतो," मी लिहिलं. "मंगळवारपासून." तिने पत्ता पाठवला.

सोमवारी आत्याने मला बाजूला घेतलं. "लोळ्या, उद्यापासून येऊ नकोस."

"बरं, आत्या."

"वाईट वाटलं?"

"नाही. दुसरीकडे लागलं काम."

"इतक्यात? तुला कुणी ठेवलं?"

"आहे एक बाई. जरा तिरसट आहे, पण मनाने बरी."

"बिचारी," आत्या म्हणाली.

मंगळवारी मी गेलो तेव्हा काउंटर लखलखत होता. मागे नवी खुर्ची, खुर्चीवर उशी, उशीला अभ्रा, अभ्र्याला एक सुरकुती नाही. आत्याने बाहेर जायचे कपडे घातले होते.

"तू कशाला आलास?"

"कामावर."

"तुला काढलंय ना काल?"

"भाच्याला काढलंस. मी भस्ममुनी."

लांबड्याने कालच आलेलं नवं यंत्र बंद केलं. "दाढी कुठाय?" त्याने विचारलं.

आत्या हसायला लागणार होती, तेवढ्यात मी म्हटलं, "मालकीणबाई, चिलखत पेटीत ठेवून भुयारात शिरू नका." मग ती हसली नाही.

"सरपण," ती म्हणाली. "त्याचा काही उपयोग होता?"

"नाही."

"आणि रोज मला उंदरांतून ओढून काढत होतास तो तू? म्हणून दिवसा जांभया?"

"हो."

"एकदाही आवाज चढवला नाहीस."

"तुझ्यावर आवाज चढवायची माझी काय छाती आहे, आत्या."

ती वळली, खुर्चीवरची उशी उचलली, परत ठेवली. "भाच्याला काढलंय ते काढलंय," ती म्हणाली. "मुनींना शब्द दिलाय तोही मोडत नाही. पण इथे नवखा म्हणून लागायचं. ही खुर्ची मुनींची, ते येतील तेव्हा बसतील. तू स्टुलावर बस आणि सल्ले ऐक. पहिला, एकदा मरून घे." तिने कपाट उघडलं. चादरी अंगावर आल्या. "सगळ्यांना फोन लाव आणि आज न्यायला सांग. दुसरा, गल्ल्याला हात लावायचा नाही. दिसतो गल्ला, पण त्याच्यामागे कोण उभं आहे याची तुला चांगली कल्पना आहे."

"तिसरा?"

तिने भिंतीकडे बोट केलं.

मी दिवसभर फोन केले. एकालाही हसवलं नाही. संध्याकाळपर्यंत कपाट अर्धं रिकामं झालं होतं, आणि जांभई आली की मी वाकून चादरीत देत होतो. लांबडा ते बघत होता, पण त्याने आत्याला सांगितलं नाही. माझी टोळी म्हणजे बहुधा तोच.

रात्री मालकीण शेकोटीपाशी होतीच.

"मुनी, आज एक नवा माणूस लागला माझ्याकडे."

"कसा आहे?"

"चादरीत तोंड घालून जांभया देतो. त्याला वाटतं मला दिसत नाही."

"मग हाकलणार?"

"रात्रीची शिकवणी लवकर आटपत जा, त्याला झोप मिळू दे. मग बघू," ती म्हणाली. चिलखत उतरवून तिने पेटीत ठेवलं आणि सदऱ्यावर भुयारात शिरली. मीही काठी घेऊन तिच्या मागे गेलो. झगा मी संध्याकाळी नदीच्या गार पाण्यात भिजवला होता. गेममध्ये असं करता येतं हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. डाग गेला होता.