मुद्दाम गळता ठेवलेला नळ

प्लंबरची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडेच अडकली. जुळ्या मुली झाल्या. एकीला झोपवावं तर दुसरी जागी. महिन्याभरात परत येणार होती, पण ऊन तापायला लागलं तरी तिचा पत्ता नव्हता.

जाताना तिने एवढंच बजावलं होतं, "परसातल्या पाखरांना पाणी ठेवा."

त्याने भरलेली बादलीच ठेवली. संध्याकाळी तीत मधमाश्या मरून तरंगत होत्या. फोनवर ती कडाडली, "अहो, पोहायला सोडलंत का त्यांना? पसरट भांडं घ्या, आत खडे टाका. पाय टेकायला जागा नको?"

त्याने कुंडीखालची मातीची बशी घेतली आणि खडे पाण्याबाहेर डोकं काढतील असे रचले. पाखरांसाठी एक जुनं वॉशबेसिन विटांवर बसवलं, भोकाला बूच मारलं आणि वरचा नळ थेंब थेंब पडेल इतका ढिला केला.

"जन्मभर लोकांचे गळके नळ बंद केले," तो म्हणाला, "आता घरचा मुद्दाम गळका केलाय."

ती खळखळून हसली. फोन बंद झाला तरी त्याने तो कानापासून दूर केला नाही.

पाखरं आली. चिमण्या, बुलबुल, आणि अर्धं पाणी बाहेर उडवणारी एक साळुंकी. तिला सांगायला तो अधीर झाला होता. पण इकडे सगळं सुरळीत आहे म्हटल्यावर ती कशाला येईल?

"कोणी फिरकत नाही गं," तो म्हणाला. "तुझ्या हाताची सवय त्यांना."

मग ती रोज नवा उपाय सांगायची. जागा बदला, सावलीत ठेवा, बेसिन घासा. तो हो हो म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रडगाणं.

एका सकाळी तिने व्हिडिओ कॉल केला. मांडीवर नात होती. तो मागच्या पायरीवर बसला होता.

"आली का पाखरं?"

"छे, एकही नाही."

"मग तुमच्या मागे अंघोळ कोण करतंय?"

त्याने वळून पाहिलं. साळुंकीने उडवलेल्या पाण्याने त्याची कॉलर भिजली होती.

"आजच आली वाटतं," तो पुटपुटला.

"इतकी वर्षं संसार केलात, पण खोटं बोलायला काही शिकला नाहीत!" ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. "मलाही यायचंय हो. पण लेक रात्र रात्र जागते. कशी निघू?"

"नको निघूस," तो म्हणाला.

"फोन तिथेच ठेवा जरा. बोलू नका."

त्याने फोन विटेला टेकवला. थेंब पडत होते, चिमण्या भांडत होत्या. फोनमधून बाळाची कुरकुर आली आणि मागोमाग तिचा दबका आवाज, "श्श, ऐक."

त्या उन्हाळ्यात ती आली नाही. तो मात्र रोज सकाळी बेसिन घासायचा, पाणी भरायचा आणि तिचा फोन आला की विटेला टेकवून पायरीवर गप्प बसायचा.