सांगायचं नसलेलं स्वप्न

जहिदाने उठल्याउठल्या डाव्या खांद्याकडे तीनदा थू थू केलं आणि पीठ मळायला बसली. सासू शेजारी तसबीहचे मणी ओढत होती.

"पुन्हा तेच?"

"तेच."

"सांगू नको हां कुणाला. खराब ख्वाब सांगितलं की खरं होतं."

जहिदाने पिठावर मूठ आपटली. खरं व्हायचं काय राहिलंय त्यात? मागच्या हंगामात द्राक्षांच्या पेट्या लावायला ती पॅकहाउसच्या थंड खोलीत गेली, दार बाहेरून लागलं आणि आतला दांडा तुटलेला निघाला. ठोकून ठोकून हात सोलवटले. दार उघडल्यावर सुपरवायझर म्हणाला, "असं कधीच होत नाही, बाई. तुमचंच लक्ष नव्हतं." वर हसला मेला! तेव्हापासून ते दार रोज झोपेत तिच्यावर बंद होत होतं आणि तिचं झोपेतलं ओरडणं ऐकून सगळी गल्ली तिलाच उपाय सुचवत होती. हातपाय धुऊन, वजू करून झोप, कूस बदल, ताईत बांध. जणू खोट तिच्यातच होती. त्या दाराला बांधा म्हणावं ताईत.

आणि आज तिच्या जागी तिची लेक रिदा पॅकहाउसला निघाली होती. पोरीचा पहिलाच हंगाम.

"अम्मी, उगा घाबरते तू. एकदाच झालं ना ते?" रिदा ओढणी सारखी करत म्हणाली.

दिंडोरीच्या चौकात टेम्पो उभा होता. मागे बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. रिदाने फाळक्यावर पाय ठेवला, तसा जहिदाने तिचा दंड धरला.

"साहेब, त्या दाराचा दांडा बसवला का?"

"बसवू की. आधी माल तर जाऊ द्या," सुपरवायझर केबिनमधून म्हणाला. "आणि तुमचं ते स्वप्नाचं खूळ पोरीच्या डोक्यात भरवू नका."

जहिदाचं डोकं फिरलं. ती बायकांकडे वळली.

"आता सांगतेच. मी आत हाय. दार ठोकते. कुणीच येत नाय."

 टेम्पोत बसलेली तिच्याच गल्लीतली आलिमा खाली मान घालून म्हणाली,

"आणि पंख्याच्या घरघरीत आपली हाक आपल्यालाच ऐकू येत नाय."

जहिदा तिच्याकडे बघतच राहिली. पंख्याचं तिने कधी कुणाजवळ काढलं नव्हतं.

"तूपण?"

"मलापण म्हणाला, असं कधीच होत नाही. ख्वाब सांगू नये म्हणून गप बसले गं."

पलीकडे पेठहून आलेल्या नवसाबाईने पदर तोंडाला लावला.

"मलापण तेच म्हणून हसला. मला वाटलं, मलाच कुणी काही केलंय, म्हणून असलं स्वप्न पडतं."

जहिदाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिघींना एकच वाक्य, एकच हसू, आणि तिघी आपापल्या अंथरुणात एकट्या!

सुपरवायझरने हॉर्न वाजवला.

"चला! एका बाईच्या स्वप्नापायी माल सडवायचा काय?"

 आतून कुणीतरी हात बाहेर काढून फाळक्याची कडी सरकवली आणि आलिमा पहिली खाली उतरली.