उलटा टांगलेला किल्ला

माझ्या वडिलांनी शेकडो किल्ले पाहिले, चढला मात्र एकही नाही. ते विमानातून फोटो काढायचे. छोट्या विमानाचं दार काढून ठेवलेलं, कमरेला पट्टा, आणि खाली टेकड्यांवरची हजारो वर्षांपूर्वीची तटबंदीची गावं, तेच त्यांचे किल्ले. त्या मातीच्या तटांचे आता जेमतेम उंचवटे उरलेत. त्यावरून चाललात तर ठेच लागेल, तट काही दिसायचा नाही. पण हिवाळ्यात दक्षिणेकडून तिरकं ऊन आलं, की तेवढ्याशा उंचवट्याचीही लांब सावली पडते आणि वरून अख्खं गाव वेशीसकट उमटतं.

आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांआधी हे फोटो मांडले जायचे. आई करवादायची, "आधी तुमची गावं उचला, मग माझी पोरं जेवतील."

बाबा मला मांडीवर घेऊन फोटो फिरवत बसायचे. "सावली आपल्याकडे पडू दे, चिमणे. नाहीतर डोळे फसतात, टेकडीचा खड्डा दिसतो." फोटो फिरला की सपाट कागदातून टेकडी टुणकन वर यायची, आणि मी टाळ्या पिटायची.

परवा संग्रहालयात त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं, उद्घाटन संध्याकाळी. आई नाही आता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून तयार. घोर एकच: "लोकांना दिसेल ना गं?"

नाही दिसलं. सगळे फोटो नकाशासारखे, उत्तर दिशा वर धरून लावलेले, सावल्या आपल्याकडे नाही, पलीकडे पडलेल्या. बाबांच्या सगळ्यात लाडक्या किल्ल्यासमोर एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "तलाव आहे गं. आटलेला."

बाबांचं तोंड एवढंसं झालं.

संग्रहालयाच्या बाई ओशाळल्या. "काका, स्क्रूने पक्के केलेत हो. उद्या फिरवून देते."

"उद्या ही माणसं कुठून आणणार?"

बाबांनी काठी माझ्या हातात दिली, फोटोकडे पाठ केली आणि सरळ ओणवे होऊन पायांमधून मागे बघायला लागले.

"बाबा, कंबर!"

"कंबरेचं घरी बघू. तू वाक."

चोपन्नाव्या वर्षी, भर सभागृहात, गुडघे कडकड वाजवत मी वाकले. चष्मा घसरून कपाळावर आला. तरी तट दिसला, एकात एक तीन.

शेजारी त्या गृहस्थांच्या बायकोने पर्स नवऱ्याकडे सोपवली न् तीही वाकली. "अहो, तलाव कसला! वेस आहे इथे, रस्ता आत गेलाय!"

मग काय, रांगच लागली.

बाबांना उठवायला आम्ही दोघी-तिघी धावलो.

"थांबा गं," खालून आवाज आला, "अजून बघतोय."